मेलेला धरा

या तालुक्यात भुताखेतांच्या बाबतीत माझ्याइतका अनुभवी माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. म्हणजे भूत एकच, आणि तेही मला दिसलं नाही. पंचाला दिसलं, तांड्याच्या पोरांना दिसलं, मीच आपला चष्मा पुसत राहिलो. पण अनुभव तो अनुभव.

कंदील जरा इकडं सरकवा. मला उजेड नको, तुमचं तोंड दिसलं पाहिजे. गोष्ट ऐकताना समोरच्याचं तोंड उतरत जातं ते पाहण्यात जी मजा आहे, ती वांग्याच्या भाजीतही नाही.

माझं नाव उकंडा. उकंडा म्हणजे उकिरडा. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून आणलं आणि हे नाव ठेवलं. यमाला वाटावं, हा कचरा आहे, न्यायच्या लायकीचा नाही. यम फसला. गाव मात्र फसलं नाही, ते मला अजून कचराच समजतं. शिक्षण चौथी. पुढंही शिकलो असतो, पण मास्तर थकले.

आमचं बेलगव्हाण दिग्रसच्या अंगाला, अरुणावतीच्या काठी. गावात आता घरं जास्त आणि माणसं कमी. पोरं पुण्याच्या कंपन्यांत, नाहीतर वणीला कोळशाच्या ट्रकांवर. शाळा पोरांवाचून बंद पडली. एसटी आधी दिवसातून एकदा यायची, मग तिलाही आमची लाज वाटू लागली. संध्याकाळी रस्त्यानं निघालं की कुलपांना रामराम करत जावं लागतं. मी करतो. "काय बबनराव, बरं हाय ना?" असं कुलपाला विचारतो. कुलूप उलटून बोलत नाही, एवढं तरी बबनरावापेक्षा बरं.

गावाचं म्हणून एकच उरलं होतं, ते आमचं नवजवान क्रीडा मंडळ. अध्यक्ष मी. मंडळातला सगळ्यात जुना नवजवान. दर साली कापसाचा शेवटचा वेचा उरकत आला की नदीकाठच्या गावांची कबड्डी लीग सुरू होते. 'लीग' हा शब्द आता टीव्हीवरून आला. आधी नुसते सामने होते. तांड्याचा रणवीर क्लब, दिग्रसच्या जिनिंगवाल्या पोरांचा कॉटन किंग, असे आणखी. आळीपाळीनं एकेका गावात सामना व्हायचा. आमची पाळी आली की त्या संध्याकाळपुरतं गाव भरायचं. बाहेर गेलेले यायचे, कुलपं निघायची, चुली पेटायच्या, म्हाताऱ्या बाया ठेवणीतली लुगडी नेसून ओट्यावर बसायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलपं. पण वर्षात ती एक संध्याकाळ होती. ती गेली असती तर मग मी आणि कुलपं.

आणि ती जायच्याच बेतात होती. कारण आमच्याकडं गडी सहाच होते.

लीगचा नियम साधा आहे. सामन्याआधी पंचाला सात नावं सांगायची. सहा गडी उभे असले तरी सामना सुरू करता येतो. सातवा येईपर्यंत त्याला बाद धरतात. आम्ही जुने लोक बाद म्हणत नाही, मेला म्हणतो. समोरचा एक मेला की आपला एक मेलेला उठून आत येतो. जो आधी मेला तो आधी उठतो. पण सातवं नावच नसलं, तर तो संघ लीगमधून गेला. पुढच्या साली त्याच्या गावात सामना नाही.

आमचा सातवा इंद्रजित. वणीला ट्रकवर आहे. सामन्याच्या दिवशी दुपार कलल्यावर मी घमेल्यात फक्की घेऊन मैदानावर निघालो होतो. फक्की म्हणजे रेघा मारायची पांढरी भुकटी. वाटेत त्याचा फोन आला.

"आबा, नाही जमत. इकडच्या क्लबात नाव लागलं माहं. त्यायनंच गाडीवर लावून देलं, नाही कसं म्हनू?"

"अबे पण इथं सहाच होऊन राह्यले!"

मागं ट्रकचा आवाज येत होता.

"आबा... घराच्या कुलपाले तेल देत जाजा. गंजलं असन."

मी त्याला शिव्या दिल्या. चांगल्या, जुन्या, आता कुठं मिळत नाहीत अशा. पण फोन आधीच बंद झाला होता. चांगला माल वाया गेला.

मैदान गावाबाहेर, बंद शाळेच्या मागं. पलीकडं तुरीचं वावर, त्यापलीकडं नाल्यावरचा तांडा. मी एकटाच दोरी धरून रेघा मारत बसलो. मधली रेघ मारली, कडेच्या मारल्या. कुठंतरी वावरात कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग पेटवला होता, त्याचा कडवट धूर जमिनीलगत येत होता. टिटवी ओरडत होती. एवढं मोठं मैदान आणि आपण एकटेच, असं झालं की माणूस उगाच खाकरतो. मी खाकरलो. शाळेच्या भिंतीवरून ते खाकरणं परत आलं, तेवढीच सोबत.

मैदानाच्या डाव्या कोपऱ्याशी आलो तेव्हा गोपालची आठवण झाली. ती तिथं येतेच. आमच्या काळच्या साती गड्यांत डावा कोपरा गोपालचा. दम असा, की हुतूतू म्हणत समोरच्या हद्दीत शिरला की समोरचे गडी कंटाळून जायचे, याचा दम काही सुटायचा नाही. ऐन तरण्या वयात काविळीनं गेला. आमच्या साती जणांत पहिला तोच गेला. मग एकेक करत सगळे गेले. मी राहिलो, आईची कृपा आणि उकिरड्याची.

दिवस मावळतीला आला तसं मैदान भरलं. दिग्रसहून मोटारसायकली आल्या. बाया गोणपाट अंथरून बसल्या. तांड्याची पोरं आली, त्यांच्यासोबत खेमसिंग आला. खेमसिंग माझ्या वयाचा, त्या काळचा तांड्याचा कप्तान. आमचं वैर एवढं जुनं की आता ती मैत्रीच झाली आहे.

"का बे उकंडा, जिता हाय अजून?"

"तुह्या तेराव्याचं जेवल्याबिगर जात नसतो मी."

पंच नेरहून आले होते, संघदीप सर म्हणून. क्रीडाशिक्षक. शिट्टी गळ्यात, पाठ सरळ, हसणं घरी ठेवून आलेले. बाहेरचे पंच मागवायची पद्धत आहे, कोणाची ओळख नको म्हणून. त्यांनी आमच्या कप्तानाला, अंकुरला, नावं विचारली. अंकुरनं स्वतःचं सांगितलं, सोनूचं सांगितलं, बाकीची सांगितली आणि माझ्याकडं पाहिलं.

"सातवा?" सर म्हणाले.

"येऊन राह्यला," मी म्हटलं.

"नाव सांगा आजोबा."

आता पाहा, माझंच नाव दिलं असतं. पण मी समोरच उभा होतो, त्यांनी मला आत ढकललं असतं. गावातल्या कोणा जित्या माणसाचं दिलं असतं तर विचारलं असतं, कुठं आहे, बोलवा. ज्याला कोणी बोलावू शकत नाही असंच नाव पाहिजे होतं. आणि अशा अडचणीच्या वेळी माझं डोकं फार सुरेख चालतं. तेच तर वाईट.

"गोपाल," मी म्हटलं. "डावा कोपरा. येईपर्यंत मेलेला धरा त्याले."

बायांमध्ये कोणी तरी फिस्सकन हसलं आणि लगेच तोंडाला पदर लावला. अंकुरनं जमिनीकडं पाहिलं. त्यानं गोपालला कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट. सर म्हणाले, "ठीक आहे. गोपाल, बाद." आणि शिट्टी वाजवायला वळले.

खेमसिंगनं माझा दंड धरला.

"नाव वापस घे."

"काहून? तुह्या हातात तो कधी सापडला नाही म्हनून?"

"मजाक नको करू, उकंडा. मेलेला धरा म्हनतो तू. आमचा एक गेला की तो उठन. नियम हाय."

"उठन तं उठन. गडी तेवढाच कामाचा."

मी दात काढले, आहेत तेवढे. खेमसिंग हसला नाही. त्यानं घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली आणि माझ्यापासून जरा लांब जाऊन बसला.

सामना सुरू झाला. आमची सहा पोरं, तांड्याची सात. तांड्याची पोरं चपळ, ऊसतोडीला जाऊन अंग असं झालेलं की हात लावला तर हातालाच लागावं. त्यांचा गडी चढाईला आला, कबड्डी कबड्डी करत आमच्या मधल्या पोरांना हुलकावण्या देत फिरला, आणि परत जाताना सोनूनं त्याचा घोटा धरला. धरला तो सोडला नाही. सगळे त्याच्यावर पडले. धुराळा उडाला. सरांनी शिट्टी मारून हात वर केला.

"बाद!"

गाव ओरडलं. मीही ओरडलो. आणि मग सर नियमाप्रमाणं आमच्या बाजूच्या रेघेकडं वळले, जिथं मेलेले गडी बसतात. तिथं कोणीच नव्हतं. नुसती फक्कीची रेघ आणि मागं माझं रिकामं घमेलं.

"गोपाल," सर म्हणाले, "या आत."

मला हसू आलं. खरं सांगतो, मला हसू आलं. आणि ते हसू तोंडातच राहिलं, कारण मी सरांचे डोळे पाहिले. आपण उठून चालत येणाऱ्या माणसाकडं पाहतो ना, तसे ते डोळे हळूहळू सरकत गेले. रेघेपासून कडेकडेनं, मग आत, मग डाव्या कोपऱ्यापर्यंत. तिथं ते थांबले. सरांनी मान हलवली. शिट्टी मारली. पुढची चढाई.

मी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, लावला. अंकुर, सोनू आणि बाकीचे चौघं. सहा. डाव्या कोपऱ्यात कोणी नव्हतं.

पण वास आला. ओल्या मातीचा. आमच्या काळी सामन्याआधी मैदानावर घागरींनी पाणी शिंपून माती बसवायचो, तसा. आता कोणी शिंपत नाही, आणि थंडीच्या दिवसांत ते मैदान कोरडं ठणठणीत होतं. मी वाकून माती चिमटीत घेतली. कोरडी होती.

मग मला एकेक दिसत गेलं. म्हणजे तो दिसला नाही. तो नसता तर जे झालं नसतं ते दिसत गेलं. तांड्याचा एकही गडी डाव्या कोपऱ्याकडं वळेना. मोकळी जागा, तिथून घुसायचं सोडून सगळे उजवीकडूनच मरायला येत. एक पोरगा चुकून तिकडं गेला. अर्ध्यात थांबला. त्याच्या तोंडातलं कबड्डी कबड्डी बारीक झालं. कोणाला न शिवता उलट्या पावलानं परत गेला आणि आपल्या पोरांमध्ये जाऊन उभा राहिला, तो त्यांच्या अंगाला चिकटूनच.

मध्यंतर झालं. अंकुर पाणी प्यायला माझ्याकडं आला. डावा हात त्यानं अंगापासून लांब धरला होता, जसा काही तो दुसऱ्याचा आहे.

"आबा, साखळीत माह्या डाव्या बाजूले कोन हाय?"

"कोनी नाही. कोपरा मोकळा हाय."

"मंग... हात कोनं धरला होता?"

त्यानं मनगट पुढं केलं. त्यावर फक्कीची पांढरी बोटं उमटली होती. चार एका बाजूनं, अंगठा दुसऱ्या बाजूनं. मी माझ्या धोतरानं ती पुसली. पुसतापुसता म्हटलं, "तुह्याच हाताची असन बे. न्हात जाय जरा."

तेवढ्यात सर आले. त्यांची पाठ अजून सरळ होती.

"आजोबा, तुमच्या त्या सातव्याला सांगा. चांगला खेळतो, पण चढाईचा शब्द कबड्डी आहे. तो कोपऱ्यात उभा राहून हळू आवाजात हुतूतू म्हणतो. लीगमध्ये ते चालत नाही. चढाईला जाऊन तसं म्हटलं तर मला चढाई तोडावी लागेल."

"सांगतो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सर गेले आणि त्यांच्या जागी खेमसिंग येऊन उभा राहिला. अंधार पडत होता. कोणी तरी ट्रॅक्टर आडवा लावून त्याचे दिवे मैदानावर सोडले होते. त्या उजेडात पोरांच्या सावल्या शाळेच्या भिंतीवर चढल्या होत्या.

"अजून बी वखत हाय," खेमसिंग हळूच म्हणाला. "जाय पंचाकडं. नाव खोटं होतं म्हन."

"मंडळ जाइन मंग. लीगमधून जाइन."

"जाऊ दे."

मी गावाकडं पाहिलं. मैदानावरून आमची गल्ली दिसते. घरोघर दिवे होते. बबनरावाच्या घरालाही दिवा होता, त्याची सून मुंबईहून आली होती, ती ओट्यावर उभी राहून फोनवर कोणाला तरी मोठ्यानं सामन्याची बातमी सांगत होती. कुठंतरी भाकरी भाजल्याचा वास येत होता. वर्षभरात पहिल्यांदा गावातून भाकरीचा वास येत होता, एका नाही, पुष्कळ चुलींचा.

"खेम्या," मी म्हटलं, "खेळून जाऊ दे त्याले. एवढा सामना."

"तू म्हनला म्हनून तो आला, उकंडा. तू म्हनशील म्हनून तो जाइन का?"

शिट्टी झाली.

उत्तरार्ध कसा गेला ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी सारखा मोजत होतो आणि दर वेळी आतले-बाहेरचे धरून सहाच होत होते, आणि सर दर वेळी सातांकडं पाहत होते. आमची पोरं मेली, उठली, पुन्हा मेली. डावा कोपरा एकदाही मेला नाही. गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई आमची होती. अंकुर मधल्या रेघेपाशी दम घ्यायला वाकला.

आणि दम त्याच्या आधी कोणी तरी घेतला.

हुतूतूतूतूतू...

मोठा आवाज नव्हता. कानाशी डास गुणगुणावा तेवढाच. पण मैदानावरचं सगळं बोलणं बंद झालं. ट्रॅक्टरचं इंजिन कोणी तरी बंद केलं, काहून केलं ते त्यालाही सांगता येणार नाही. अंकुर वाकला तो वाकलेलाच राहिला, तोंड मिटलेलं. आवाज त्याच्या शेजारून पुढं गेला, मधली रेघ ओलांडून तांड्याच्या हद्दीत.

मी आयुष्यभर कबड्डी पाहिली. चढाईच्या गड्यासमोर मागं सरकणारी पोरं कशी सरकतात ते मला झोपेतही सांगता येईल. तांड्याची पोरं तशी सरकत होती. एका रांगेत, हात पुढं, नजर एकाच ठिकाणी. समोर मोकळी माती. ती एकेक पाऊल मागं गेली, आणखी मागं गेली, आणि कडेच्या पोराचा पाय मागच्या रेघेवर पडून बाहेर गेला.

"बाद!" सर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. चढाई तोडायची होती ना त्यांना, शब्द चुकीचा म्हणून? ते विसरले. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि सामना संपल्याची लांब शिट्टी मारली.

आम्ही जिंकलो. पोरांनी अंकुरला खांद्यावर घेतलं. ढोल वाजायला लागला. बाया रडल्या, हसल्या. मंडळ राहिलं, पुढच्या सालचा सामना राहिला. मी ज्याच्यासाठी तोंड मिटून बसलो होतो ते सगळं मिळालं. आणि त्या गलबल्यात मला ऐकू येत होतं, दुसऱ्या कोणाला नसेल, पण मला येत होतं.

हुतूतूतूतू...

तो परत मधली रेघ ओलांडून आला नव्हता. आवाज तांड्याच्या हद्दीच्या पलीकडं, मागच्या रेघेच्या बाहेर पडला होता. खेमसिंग माझ्या शेजारी आला. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"हद्दीबाहेर गेला म्हंजे बाद," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण ओळखू येत नव्हता.

"शिट्टी आधी झाली," खेमसिंग म्हणाला. "तो बाद नाही झाला, उकंडा. चढाई चालूच हाय त्याची."

आवाज शाळेला वळसा घालून गल्लीकडं निघाला. मी मागं निघालो. खेमसिंग आला नाही. कोण येईल?

सगळं गाव मैदानावर होतं. गल्लीत दिवे होते, दारं उघडी होती, चुलीवर तवे होते आणि माणूस कोणी नव्हतं. रोज कुलपं लावलेली असतात तेव्हा एवढं एकटं वाटत नाही. मी कोणाला रामराम केला नाही. माझ्यापुढं थोड्या अंतरावर तो आवाज चालला होता, घाई न करता, न थांबता. माणसाचा दम एवढा पुरत नाही. गोपालचाही पुरायचा नाही. मध्येच वाटायचं, आता सुटला, आता सुटला. मी थांबायचो. मग पुन्हा यायचा, आणखी बारीक.

गल्लीच्या शेवटी नाल्याकडं तोंड करून एकच घर आहे. रुखमाबाईचं. गोपालची बायको. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती तेव्हा तो गेला. मुलगा पुण्याकडं. ती एकटीच राहते. मैदानावर ती तेव्हापासून कधी आली नाही, सामना असला तरी नाही. आवाज तिच्या दारापाशी जाऊन थांबला. म्हणजे पुढं जायचा थांबला. चालू होताच.

पुढच्या दारानं जायची माझी छाती झाली नाही. घराला वळसा घालून मी मागच्या दारानं आत शिरलो.

रुखमावहिनी खोलीच्या मधोमध पाटावर बसली होती, पुढच्या दाराकडं तोंड करून. दाराला आतून कडी होती. बारका बल्ब जळत होता. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"या भाऊजी. हळू बोला."

मी भिंतीला टेकलो. माझ्या तोंडात सवयीनं थट्टा आली, तीच बाहेर पडली.

"वहिनी... आपन जिकलो."

"आयकलं."

दाराबाहेर आवाज होता. इतका जवळून ऐकला की त्यात दोन शब्दांच्या मधलं कापणंही कळत होतं. दाराच्या फटीतून ओल्या मातीचा वास आत येत होता.

"काय केलं तुमी, भाऊजी?"

"नाव सांगितलं. फक्त नाव. पंचाले सातवा पाह्यजे होता..."

"मी कधी नाव घेतलं नाही त्याहिचं," ती म्हणाली. "बायकोनं घेऊ नये म्हनतात. गेल्यावर बी नाही घेतलं. मनातल्या मनात बी नाही. आन् तुमी साऱ्या गावासमोर घेतलं."

"वहिनी, दार उघडू नका. तो गोपाल नाही."

"दम त्याहिचाच हाय. मले वळखू येत नाही का?"

"असन. पन मेलेला मानूस हाय तो. आत घेतला तं काय होइन, कोनाले मालूम? गपचूप बसा. दम सुटला की आपसूक जाइन."

हुतूतू... तू...

बारीक झाला होता. अगदी बारीक. विहिरीच्या तळातून यावा तसा. रुखमावहिनी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, म्हाताऱ्या बाया उठतात तशी. दारापाशी गेली आणि तिनं कडीवर हात ठेवला. काढली नाही. नुसता ठेवला. मग पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत भेव नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

"दम सुटला तं ते पुन्हा मरतीन, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्या मंडळात एक गडी कमी पडला, तं तुमी त्याहिले बोलावलं. माह्या घरात बी एकच गडी कमी हाय... सांगा आता. कडी काढू का नको?"